लग्नाची डीव्हीडी बंद पडण्याआधी : चित्र खराब न होता कॉपी कशी करावी?

साधारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी लग्न झालेल्या जवळपास प्रत्येक घरात कपाटाच्या कप्प्यात एक डीव्हीडी सापडते. कव्हरवर नवरा-नवरीचा फोटो, आत शूटिंग. आज घरात डीव्हीडी प्लेअर नाही, असला तर चालत नाही. त्या डीव्हीडीत अक्षता टाकणारे आजोबा असतात, वरातीत नाचणारे काका असतात. त्यातली काही माणसं आता राहिलेली नाहीत. त्यांचं चालतं-बोलतं चित्र फक्त त्या चकतीवर असतं, म्हणून वेळेत कॉपी करणं गरजेचं आहे.

चकती खराब का होते?

दुकानात मिळणारी सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. लग्नाची डीव्हीडी मात्र स्टुडिओवाल्याने कोऱ्या चकतीवर 'राइट' केलेली असते. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा थर हळूहळू उतरतो. पत्र्याच्या घरात टीव्हीवर ठेवलेली चकती लवकर जाते ती त्यामुळेच. ओरखडा नसला तरी ती एक दिवस अडकायला लागते.

मोबाईलने टीव्हीचं शूटिंग नको

बरेच जण डीव्हीडी टीव्हीवर लावतात आणि समोर मोबाईल धरून रेकॉर्ड करतात. यात पडद्याची चमक येते, पट्ट्या हलतात, पंख्याचा आवाजही येतो. दुसरी चूक म्हणजे डीव्हीडीवरून थेट 'मोबाईलसाठी लहान' फाईल करून घेणे आणि चकती फेकून देणे. व्हिडिओ लहान करताना त्यातले बारकावे काढून टाकले जातात, ते नंतर परत येत नाहीत. उसाचा रस काढल्यावर चिपाडाचा परत ऊस होत नाही, तसंच हे.

म्हणून नियम एकच : आधी जशीच्या तशी कॉपी घ्यायची, मग त्या कॉपीवरून मोबाईलची फाईल बनवायची.

पहिली पायरी : जशीच्या तशी कॉपी

नुसत्या मोबाईलवर हे काम होत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर लागतो. नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नसते, पण यूएसबीला लावायची बाहेरची ड्राइव्ह मिळते. फोटो स्टुडिओ किंवा सायबर कॅफेत विचारावं.

चकती उघडली की 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. घरच्या शूटिंगच्या डीव्हीडीला सहसा लॉक नसतं. हा पूर्ण फोल्डर कॉपी करून हार्ड डिस्कवर टाकला की काम झालं. आत 'व्हीओबी' प्रकारच्या फाईल असतात, प्रत्येक साधारण १ जीबीपर्यंत. त्यातच चित्र आणि आवाज असतो. या पद्धतीत चित्राला हात लागत नाही, दर्जा मूळ चकतीइतकाच राहतो. 'इमेजबर्न' या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण चकतीची एकच 'आयएसओ' फाईल करता येते. दोन्हीचा दर्जा सारखाच. दोन्ही 'व्हीएलसी' प्लेअरवर कॉम्प्युटरमध्ये चालतात.

एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माल मावतो. पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर जात नाही, मग आयएसओ अडते. अशा वेळी पेन ड्राइव्ह 'एक्सफॅट' करावा. मात्र फॉरमॅट केल्यावर त्यातलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवावं.

चकती अडकत असेल तर

मऊ सुती कापड घ्यावं. मधल्या भोकाकडून बाहेरच्या काठाकडे सरळ पुसावं, गोल फिरवू नये. गोल पुसताना कापडाखाली खडा आला तर ओरखडा एकाच रेघेवर लांबपर्यंत जातो आणि तिथला माल सलग बिघडतो. टूथपेस्ट वगैरे प्रयोग कॉपी होईपर्यंत करू नयेत.

तरीही एरर आली तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये लावून बघावं. एका ड्राइव्हला न वाचता येणारी चकती दुसरी वाचते, असं पुष्कळदा होतं. डीव्हीडीवर माल आतून बाहेर लिहिलेला असतो. त्यामुळे काठ खराब असेल तर शेवटचा भाग अडतो, सुरुवातीच्या फाईल निघू शकतात. जेवढ्या निघतील तेवढ्या आधी काढून घ्याव्यात. फारच वाईट अवस्था असेल तर 'डीडीरेस्क्यू' हे सॉफ्टवेअर आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. ते लिनक्सवर चालतं, जाणकाराकडून करून घ्यावं.

दुसरी पायरी : मोबाईलसाठी फाईल

यासाठी 'हँडब्रेक' हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. कॉपी केलेला फोल्डर त्यात उघडावा आणि पुढच्या गोष्टी बघाव्यात.

● साईज : आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. ते तेवढंच ठेवावं. फुल एचडीत याच्या पाचपट ठिपके असतात. 'एचडी करून देतो' म्हणून कुणी मोठं केलं तरी फाईल फुगते, चकतीवर जे नाही ते चित्रात येत नाही.

● दर्जा : कोडेक एच.२६४ घ्यावा आणि 'आरएफ' आकडा १८ ते २० ठेवावा. आकडा जेवढा लहान, तेवढं चित्र चांगलं आणि फाईल मोठी.

● रेषा : जुन्या कॅमेऱ्याचं शूटिंग एकाआड एक ओळींनी घेतलेलं असतं. वरातीत कुणी नाचताना अंगाभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात त्या यामुळेच. फिल्टरमध्ये 'डीकॉम्ब' किंवा 'डिइंटरलेस' चालू करावं. मूळ कॉपीला मात्र हे लावू नये.

● आकार : फाईल झाल्यावर माणसं आडवी पसरलेली किंवा जाड दिसत असतील तर चित्र ताणलं गेलंय. जुनं शूटिंग चौकोनी असतं. बाजूला काळी पट्टी राहिली तरी चालेल, ताणू नये.

आधी दोन-तीन मिनिटांचाच तुकडा करून बघावा. वरातीचा किंवा रात्रीचा भाग निवडावा, कारण दर्जा बिघडला तर तिथेच आधी कळतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना

नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो आणखी दाबतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे फाईल आहे तशी जाते. २ जीबीपर्यंतची फाईल अशी पाठवता येते.

व्हीसीडी असेल तर

त्याआधीच्या लग्नांची व्हीसीडी असते. तिच्यात 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये 'डॅट' फाईल असते, तीच कॉपी करावी. चित्र डीव्हीडीपेक्षा बरंच कमी, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. व्हीसीडीचा माल नाव लिहितो त्या वरच्या बाजूलगत असतो, म्हणून तिथला ओरखडा जास्त घातक. त्या बाजूला बॉलपेनने लिहू नये. लग्नाची मूळ व्हिडिओ कॅसेट घरात असेल तर ती टाकून देऊ नये, तिचं चित्र व्हीसीडीपेक्षा चांगलं निघू शकतं.

शेवटी तपासणी

कॉपी झाल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघावा. आवाज ऐकावा. एक कॉपी घरी हार्ड डिस्कवर, दुसरी लेकीकडे किंवा पुण्या-मुंबईच्या भावाकडे ठेवावी. पेन ड्राइव्ह हरवतो, मोबाईल पाण्यात पडतो, दोन घरांतल्या दोन कॉपी एकदम जात नाहीत. आणि मूळ चकती तरीही फेकू नये. कव्हरमध्ये उभी, उन्हापासून लांब ठेवावी.