परड्यात मासे, वाफ्यात पालक : शहापूरसारख्या दाट वस्तीत अ‍ॅक्वापोनिक्स कसे जमेल?

बेळगावातील शहापूर म्हणजे विणकरांची जुनी पेठ. घराला घर लागून, मागे छोटंसं परडं, आणि पलीकडे वडगाव-येळ्ळूरकडे पसरलेलं शिवार. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी याच शिवारात शिरतं आणि उभ्या पिकाचं नुकसान होतं. त्यामुळे घरापुरती भाजी घरीच पिकवता येईल का, हा इथे हौसेपुरता प्रश्न नाही. त्यावरचा एक पर्याय म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स.

पद्धत काय?
एका टाकीत मासे आणि शेजारी खडी भरलेले, मातीविना वाफे. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो साठला तर मासे दगावतात. मात्र खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे झाडांचं खत. झाडांनी ते शोषलं की पाणी परत टाकीत येतं. रोज साधारण १ ते ३ टक्केच पाणी नव्याने घालावं लागतं. म्हणजे १००० लिटरच्या टाकीला १० ते ३० लिटर.

अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात डॉ. जेम्स रॅकोसी यांनी १९८० नंतर ही पद्धत शास्त्रीय पायावर उभी केली. आपल्याकडे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने कोई कार्प मासे आणि पालक यांवर प्रयोग केले आहेत.

हिशेब असा
सुरुवातीला १००० लिटरमागे १० किलो मासे पुरेत. वजनाच्या २ टक्के धरलं तर रोज २०० ग्रॅम खाद्य लागतं. पालेभाजीला दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्याचा हिशेब धरतात. म्हणजे एवढ्या माशांवर ४ ते ५ चौरस मीटर वाफे पोसतात. पालक, लाल माठ, कोथिंबीर, पुदिना चांगले येतात. बेळगावची ओळख असलेली रताळी आणि बटाटे मात्र यात घेऊ नयेत. कंदांना मातीच हवी.

गच्चीवर की परड्यात?
इथेच बरेच जण चुकतात. १००० लिटर पाणी म्हणजे १ टन वजन. वावराच्या गच्चीचा भार साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो धरलेला असतो. मीटरभर उंचीच्या भरलेल्या टाकीचा भार त्याच्या सहापटीहून जास्त. जुन्या घरांच्या बाबतीत तर विचारच नको. टाकी परड्यात जमिनीवरच ठेवावी. गच्चीवर न्यायचीच असेल तर आधी इंजिनिअरला दाखवावं.

पाणी, मासे, वीज
नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांना आणि जिवाणूंनाही मारक, म्हणून पाणी दिवसभर उघडं ठेवूनच वापरावं. टाकी भरली की लगेच मासे सोडले, असं चालत नाही. जिवाणू जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. पाण्याचा सामू ७ च्या आसपास राखावा. खडीवर व्हिनेगर टाकून फेस आला तर ती चुनखडीची समजावी. ती सामू वाढवते, म्हणून वापरू नये.

रोहू, कटला, कोई कार्प पाळता येतात. तिलापियाला शासनाची परवानगी लागते, तर थाई मागूरवर देशात बंदी आहे. थंडीत रात्रीचं तापमान उतरलं की मासे कमी खातात. तेव्हा खाद्यही कमी करावं. वाफ्यावर कीटकनाशक फवारायचं नाही, ते थेट माशांपर्यंत पोचतं.

४० वॅटचा पंप अखंड चालला तर महिन्याला जवळपास ३० युनिट वीज लागते. वीज गेली तर दाटीत ठेवलेले मासे काही तासांत गुदमरतात. बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

मदत कुठे?
२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परड्यातल्या छोट्या, पाणी फिरवून वापरणाऱ्या मत्स्यपालन युनिटला अनुदानाची तरतूद होती. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या काय चालू आहे, याची चौकशी शहापूर, निपाणीकरांनी कर्नाटकच्या आणि चंदगड, गडहिंग्लजकरांनी महाराष्ट्राच्या मत्स्य विभागाकडे करावी.

शिवाराची जागा ही टाकी घेणार नाही. खाद्य आणि विजेचा खर्च बघता एवढ्याशा युनिटवर धंद्याचं गणित बसणंही अवघड. पण घरच्या ताटात ताजी भाजी आणि अधूनमधून मासे, एवढं परड्याच्या कोपऱ्यातून मिळू शकतं.