देवीची सुई : तुर्कस्तानातून लंडनला

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या दंडावर गोल वण आपण पाहिला असेल. ‘देवी काढल्या’ची ती खूण. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. या रोगाशी युरोपने दिलेल्या झुंजीतील एक प्रकरण आपल्यापुढे ठेवीत आहे.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज सरदारकन्येचा भाऊ १७१३ साली देवीने गेला. दोन वर्षांनी तिलाही देवी आल्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर वण राहिले, पापण्यांचे केस गेले. पुढे पती राजदूत म्हणून उस्मानी दरबारी गेले, तेव्हा १७१७ साली तिने तेथे एक नवल पाहिले. उन्हाळा सरला की म्हाताऱ्या बायका कवचीत देवीच्या फोडांतील पू घेऊन येत आणि सुईने मुलांच्या शिरेत घालीत. मुले आठवडाभर खेळत, दोन-तीन दिवस तापत, मग बरी होत. १७१८ च्या मार्चमध्ये मेरीने जेमतेम पाच वर्षांच्या आपल्या मुलाला एका ग्रीक म्हातारीकडून टोचून घेतले. स्वतःच्या लेकरावर! पालकहो, त्या रात्री तिला झोप लागली असेल का?

१७२१ साली लंडनमध्ये साथ आली, तेव्हा तिने मुलीलाही टोचविले. पंडित वैद्य मात्र बिथरले. अडाणी बायकांचा हा उद्योग विद्वानांनी का उचलावा, असे एकाने लिहिलेसुद्धा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूगेट तुरुंगातील सहा कैद्यांना, फाशी माफ करण्याच्या बोलीवर, टोचण्यात आले. सहाही जगले. नंतर अनाथ मुलांवर प्रयोग झाला आणि १७२२ मध्ये राजकन्यांची पाळी आली. हा क्रम विसरू नये, आधी कोणाचे देह पणाला लागले ते त्यात दिसते.

धोका होताच. टोचलेल्या पन्नासांत सुमारे एक दगावे. पण आपोआप आलेल्या देवीत सहा-सातांत एक जाई.

वैद्यांनी पद्धत स्वीकारली, पण आपल्या शास्त्रात बसवून. रक्त, कफ व दोन पित्ते यांचा तोल हेच त्यांचे वैद्यक. म्हणून टोचण्याआधी रक्त काढणे, जुलाब देणे, उपास घडविणे सुरू झाले. मेरीने ‘तुर्की व्यापारी’ या टोपणनावाने वृत्तपत्रात त्याविरुद्ध लिहिले. ऐकतो कोण? १७५७ साली आठ वर्षांच्या एका मुलाला असेच काही आठवडे उपाशी ठेवून, रक्त काढून टोचले गेले. त्याचे नाव एडवर्ड जेन्नर. गोस्तनदेवीची लस त्याने १७९६ साली टोचली.