‘लॅबिरिंथ’मागचे हात

जर्मन पंडित रिखार्ड पिशेल यांनी संस्कृत नाटकाचे मूळ बाहुल्यांच्या खेळात शोधले, तेव्हा त्यांनी ‘सूत्रधार’ या शब्दाचा आधार घेतला होता. दोरी ज्याच्या हाती, तो सूत्रधार. हे मत पुढे सर्वमान्य झाले नाही. पण जिम हेन्सन यांचा ‘लॅबिरिंथ’ (1986) पाहताना मला तो शब्द वारंवार आठवतो.

कथा साधी आहे. सारा ही किशोरवयीन मुलगी रडणाऱ्या सावत्र भावाला वैतागून म्हणते, याला गॉब्लिनांनी न्यावे. ते खरेच नेतात. मग तेरा तासांत चक्रव्यूह पार करून तिला त्याला सोडवायचे असते. साराच्या भूमिकेत जेनिफर कॉनेली, गॉब्लिनांच्या राजाच्या भूमिकेत गायक डेव्हिड बोवी. बाकी बहुतेक पात्रे म्हणजे बाहुल्या. त्यांची रूपकल्पना चित्रकार ब्रायन फ्राउड यांची.

चित्रीकरण 1985 मध्ये इंग्लंडच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले. हॉगल या बुटक्याच्या वेशात शारी वायझर होत्या. त्याचा चेहरा मात्र जिम यांचा मुलगा ब्रायन हेन्सन आणि आणखी तिघे रेडिओ-नियंत्रणाने हलवत. चेहऱ्यात अठरा मोटरी होत्या. म्हणजे एका पात्राचा एक रुसवा दाखवायला पाच माणसांनी एकाच क्षणी रुसायचे! राजाच्या बोटांवर फिरणारे काचेचे गोळेही बोवींचे नव्हेत. त्यांच्या मागे दडून मायकेल मॉशेन हात पुढे काढी आणि न पाहताच ते खेळवी.

हा सारा खटाटोप पडद्यावर दिसू नये, यासाठीच होता. तो दिसला नाही, आणि बहुधा म्हणूनच मोजलाही गेला नाही. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळवले. त्या दिवसांत वडील फार खचले होते, असे ब्रायन यांनी पुढे सांगितले आहे. जिम हेन्सन 1990 च्या मे महिन्यात वयाच्या 53 व्या वर्षी वारले. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचाच पूर्ण लांबीचा चित्रपट ठरला. व्हिडिओ कॅसेटींवरून घरोघर त्याला जो मोठा चाहतावर्ग मिळत गेला, त्याचे पूर्ण रूप त्यांना पाहता आले नाही.

या अपयशाचा दोष बाहुल्यांना देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. कथेच्या शेवटी सारा राजाला सांगते, की तुझी माझ्यावर काही सत्ता नाही. तो प्रसंग आजही अंगावर येतो, कारण तोवर तिच्या सोबतीला असलेला हॉगल आपल्याला जिवंत वाटलेला असतो. प्रत्यक्ष सेटवर असलेल्या वस्तूकडे पाहून कॉनेली बोलत होत्या, रिकाम्या जागेकडे नव्हे. आपल्याकडे ‘झपाटलेला’ (1993) मधला तात्या विंचू आजही लोकांना आठवतो. तो रामदास पाध्ये यांच्या हातचा होता, हे मात्र सांगावे लागते. हात विसरण्याची खोड दोन्हीकडे सारखीच.

चित्रपटातले पळवलेले बाळ म्हणजे ब्रायन फ्राउड यांचाच मुलगा टोबी. तो मोठा होऊन बाहुल्या घडवू लागला. हेन्सन यांच्या ‘द डार्क क्रिस्टल’ (1982) या चित्रपटाच्या जगावर 2019 मध्ये मालिका निघाली, तेव्हा तिच्या रूपरचनेच्या कामावर देखरेख त्याची होती. 1986 च्या जमाखर्चात ही बाब कुठेच नाही. इतिहास लिहिताना मी ती जमेच्या बाजूला धरतो.