लाक्विलाचा भूकंप आणि एक निर्धास्त मुलाखत

इटलीतील आब्रुत्सो प्रांताची राजधानी लाक्विला. २००९ च्या आरंभी तेथे भूकंपाचे लहान धक्के सतत जाणवत होते. त्यातच एका तंत्रज्ञाने रेडॉन वायूच्या मोजणीवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत केले आणि घबराट पसरली. ३१ मार्च रोजी सरकारी तज्ज्ञ आयोगाची बैठक शहरात भरली. लहान धक्क्यांवरून मोठा भूकंप येईल असे म्हणता येत नाही, पण तो येणारच नाही असेही म्हणता येत नाही, हे शास्त्रज्ञांचे मत रास्तच होते.

लोकांनी मात्र ऐकले ते निराळेच. नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख बेर्नार्दो दे बेर्नार्दिनिस यांनी बैठकीपूर्वीच दूरचित्रवाणीला मुलाखत दिली होती: धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडत असल्याने धोका नाही. मग निवांत वाईन प्यावी का, या प्रश्नालाही त्यांनी होकार दिला. वर मोन्तेपुल्चानो सुचवली! ऊर्जेविषयीचा हा तर्क भूकंपशास्त्राला मान्य नाही. पण बैठकीनंतरही त्याचे जाहीर खंडन झाले नाही.

धक्का जाणवला की घर सोडून रात्र उघड्यावर काढायची, ही तेथील जुनी रीत. ५ एप्रिलच्या रात्री धक्का बसला, तरी कित्येक कुटुंबे घरातच झोपली. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३०९ माणसे दगावली.

पुढे सहा शास्त्रज्ञ आणि दे बेर्नार्दिनिस यांच्यावर खटला चालला. भाकीत न केल्याचा हा खटला, असे जगभर छापले गेले. ते चूक होते. आक्षेप होता तो जोखमीच्या उथळ मूल्यमापनावर आणि खोट्या दिलाशावर.

दरम्यान, थॉमस जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत म्हटले होते की शक्यतेची अधिकृत माहिती लोकांना सातत्याने व खुलेपणाने द्यावी. शक्यता किती वाढल्यास कोणते पाऊल उचलायचे, हे संकटापूर्वीच ठरवावे. शिवाय धोका किती हे सांगणे शास्त्रज्ञांचे काम, त्यावर निर्णय घेणे प्रशासनाचे. या दोहोंची सरमिसळ नको. यातली खरी अडचण आकड्यांची आहे. अशा काळात शक्यता शेकडो पटींनी वाढली, तरी एका दिवसापुरती ती बहुधा एक टक्क्याहून कमीच राहते. हे ‘धोका नाही’ इतक्या सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

२०१२ मध्ये सातही जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ च्या अपिलात सहा शास्त्रज्ञ निर्दोष ठरले. दे बेर्नार्दिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.