ध चा मा आणि डुलाचा डूली : खुनाचं गाणं निकाल कसा लावतं?

आजचा भाग सुरू करायच्या आधी मला एक चूक कबूल करायची आहे. पेशव्यांवरच्या भागात मी छातीठोकपणे बोलून गेलो होतो की आनंदीबाईने 'ध' चा 'मा' केला आणि नारायणरावांचा जीव गेला. एका वाक्यात विषय संपवला होता. त्यावर ऐकणाऱ्या एका ताईंचा मेसेज आला, "दादा, पुरावा काय?" मी उत्तर टाइप केलं, "अहो, सगळ्यांना माहीत आहे." पाठवायच्या आधी थांबलो. ऑफिसमध्ये कोड बिघडला आणि मी रिपोर्टात लिहिलं की अमक्याने बिघडवला, पुरावा काय तर सगळ्यांना माहीत आहे, तर माझा टीम लीड मला दारात उभा करणार नाही. मग इतिहासात हे कसं चालतं?

याचं उत्तर शोधताना मी भलतीकडेच पोचलो. थेट अमेरिकेत, एका गाण्यापाशी. आधी तिकडे जाऊ, मग शनिवारवाड्यात येऊ, आणि शेवटी आपल्या भंडाऱ्यात.

१९५८ साली कॅलिफोर्नियातल्या किंग्स्टन ट्रिओ नावाच्या तीन पोरांनी 'टॉम डूली' हे गाणं रेकॉर्ड केलं. चाल साधी, गुणगुणता येईल अशी. ते बिलबोर्डच्या यादीत एक नंबरला गेलं. १९५९ मध्ये पहिल्यांदा ग्रॅमी पुरस्कार दिले गेले, त्यात या गाण्याला कंट्री संगीताचा पुरस्कार मिळाला, कारण लोकगीतांसाठी वेगळा गट तेव्हा नव्हताच. आता एवढं हिट गाणं कशाबद्दल होतं? खून केलेल्या आणि सकाळी फाशी जाणाऱ्या माणसाबद्दल. लोक पार्टीत ते गात होते.

गोष्ट खरी होती. माणसाचं नाव टॉम डुला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्क्स काउंटीतला. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढून घरी परतलेला. १८६६ च्या मे महिन्यात लॉरा फॉस्टर नावाची मुलगी घरातून निघाली आणि परत आली नाही. नंतर तिचं प्रेत सापडलं. टॉम पळून शेजारच्या टेनेसीत गेला होता आणि ग्रेसन नावाच्या माणसाच्या शेतावर नाव बदलून काम करत होता. तो पकडला गेला, त्यात या ग्रेसनने मदत केली. खटला चालला, शिक्षा झाली, वरच्या कोर्टाने ती रद्द केली, पुन्हा खटला, पुन्हा तीच शिक्षा. १ मे १८६८ ला त्याला स्टेट्सव्हिलमध्ये फाशी दिलं.

पण या खटल्यात अजून एक बाई आरोपी होती. अ‍ॅन मेल्टन. तिचे आणि टॉमचे संबंध होते. फाशीच्या आधी टॉमने लिहून दिलं की या खुनात माझ्याशिवाय कोणाचाही हात नाही, आणि ती सुटली. तो तिला वाचवत होता की खरं बोलत होता, यावर तिकडे आजही वाद चालतात.

आता गाण्याने काय केलं ते बघा. 'डुला' चा 'डूली' झाला, कारण त्या डोंगराळ भागात नावाचा उच्चारच तसा करायचे. ग्रेसनचं नाव गाण्यात आलं, पण तो कोण ते आलं नाही. मग ऐकणाऱ्यांनी ठरवून टाकलं की तो प्रेमातला तिसरा कोन असणार. बिचारा माणूस, त्याचा त्या प्रेमाशी काहीच संबंध नव्हता. आणि जिचा जीव गेला, त्या लॉराचं नाव किंग्स्टन ट्रिओच्या गाण्यात एकदाही येत नाही. फक्त 'ती'. मारणारा अमर झाला, मेलेली सर्वनाम होऊन राहिली.

हे वाचलं आणि मला शनिवारवाडा आठवला.

मी नोकरीसाठी पुण्यात राहतो. गावाकडून कोणी आलं की रविवारी शनिवारवाडा ठरलेला. नारायण दरवाज्यापाशी हमखास कोणीतरी मोबाईल धरून 'काका मला वाचवा' ची रील करत असतं. पोरं घाबरल्याचा आव आणतात, मागे हसतात. दरवाज्याचं हे नाव कशामुळे पडलं असं सांगतात, ते माहीत आहे ना? त्यातून नारायणरावांचं प्रेत बाहेर नेलं म्हणून.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. नारायणराव पेशव्यांना जेमतेम १८ वर्षं पूर्ण झालेली. त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, त्याच वाड्यात नजरकैदेत. दुपारी सुमेरसिंगाचे गारदी आत घुसले. पोरगा पळत काकाकडे गेला, काकाला मिठी मारली, आणि तिथेच त्याला तोडलं. त्या दिवशी तो एकटा मेला नाही. चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्याला वाचवायला अंगावर पडला, तोही मारला गेला. अजूनही नोकरचाकर मेले. चापाजीचं नाव तुम्ही कोणत्या रीलमध्ये ऐकलंय?

पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरलं. या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असं तोंडावर सांगून ते पुणे सोडून गेले, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९४४ साली प्रभातने 'रामशास्त्री' हा सिनेमा काढला, तो याच कथेवर.

म्हणजे दोषी कोण, तर राघोबादादा. मग आनंदीबाई आली कुठून?

गोष्ट अशी सांगतात की राघोबादादांच्या कागदात 'नारायणरावास धरावे' असं होतं आणि त्यांच्या बायकोने 'ध' खोडून 'मा' केला. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात ही गोष्ट आहे. म्हणजे घटनेनंतर ५० हून जास्त वर्षांनी. आणि तोसुद्धा आनंदीबाईचं नाव देताना 'असं सर्वत्र मानलं जातं' याच थाटात देतो. माझ्या मेसेजसारखंच की! अहो, सगळ्यांना माहीत आहे.

आता जरा इंजिनियरच्या डोक्याने बघू. एका फाइलमध्ये एक अक्षर बदललं. कोणी बदललं, कधी बदललं, याची नोंद नाही. ज्याच्या नावाने कागद निघाला तो माणूस आहे. ज्यांनी तो अमलात आणला ते गारदी आहेत. ज्याच्या मिठीत पोरगा मेला तो काका आहे. ज्याला गादी हवी होती तोही तोच. आणि अडीचशे वर्षं लोक बोलतात कोणाबद्दल? त्या एका अक्षराबद्दल आणि एका बाईबद्दल. ती अगदी निर्दोष होती असं मी म्हणत नाहीये. तिचा नवऱ्याच्या कारस्थानाला पाठिंबा असू शकतो. पण 'असू शकतो' आणि 'तिनेच केलं' यांच्यामध्ये कोर्ट नावाची एक जागा असते. ती जागा आपण ओलांडून गेलो.

गाण्याचा काय संबंध? सांगतो. नारायणरावांच्या मृत्यूवर शाहिरांनी पोवाडे रचले. तेव्हा बातमी गावोगाव पोचवायचं साधन तेच होतं. डफ, तुणतुणं आणि मागे झीलकरी. १८९१ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून छापले, नाहीतर त्यातले कितीतरी गायकांसोबतच गेले असते. या शाहिरांचे उपकारच आहेत. पण पोवाड्याला रात्रीत गोष्ट संपवावी लागते. समोरच्या माणसाला नायक पाहिजे, खलनायक पाहिजे. 'चौकशी चालू आहे' यावर झील धरता येत नाही.

हे मी लहानपणी बघितलंय. आमचं गाव लाखनी तालुक्यात. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई भरते. धान कापणीला आलेलं असतं, पाहुणे आलेले असतात आणि रात्रभर दंडार नाहीतर खडी गंमत. शाहीर डफ घेऊन उभा, नाच्या लुगडं नेसून उभा, सगळे रात्रभर उभेच, म्हणून खडी. एका वर्षी शाहिराने हाच प्रसंग उभा केला. काकाला मिठी मारल्यावर बायका पदराने डोळे पुसत होत्या. मग नाच्या आनंदीबाई होऊन आला, हातात कागद, आणि ठसक्यात अक्षर खोडलं. आख्ख्या मंडपाने शिव्या घातल्या. मीही घातल्या. राघोबादादाला कोणीच काही म्हणालं नाही.

आणि गंमत म्हणजे, त्या काळी आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. त्यांच्या घरातही तेव्हा तसंच पेटलं होतं. १७७२ मध्ये जानोजी भोसले वारले आणि मुधोजी-साबाजी हे भाऊ भिडले. पेशव्यांचा कौल साबाजीकडे, राघोबादादा मुधोजीच्या बाजूने. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या गोळीने साबाजी ठार झाला. भावाने भावाला मारलं, आपल्यापासून दोन तासांच्या रस्त्यावर. मी आयुष्यात कोणत्याही मंडईत यावर गाणं ऐकलेलं नाही. त्या गोष्टीत दोष द्यायला कोणाची बायको नव्हती, म्हणून असेल का? हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. अंदाज आहे तर अंदाज म्हणूनच सांगतो.

आता हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगून थांबतो.

आमचे आजोबा गेले आणि शेताची वाटणी झाली. चांगल्या बांध्या काकाकडे गेल्या. बाबा आणि काका तलाठ्याकडे गेले, दोघांनी सह्या केल्या. काकू तेव्हा घरी भात रांधत होती. पण गावात बोललं गेलं, "घरात आनंदीबाई आली ना बाप्पा." ते नाव तिला चिकटलं. आम्ही चुलतभाऊ भांडलो की मीही तेच म्हणायचो, 'आनंदीबाईचा पोरगा'. काका वारले तरी ते नाव गेलं नाही.

या दिवाळीत घरी गेलो तेव्हा तिच्याकडे बसलो आणि हे सगळं सांगितलं. टॉम डुला, ग्रँट डफ, सगळं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मले काय करायचं हाय त्या पेशव्याचं?" मी म्हटलं, "काकू, मी पण तुले तेच म्हणत होतो. चुकलो." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू तं लहान होतास. मोठे काऊन म्हणत होते, ते विचार."

ते मी बाबांना अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

ज्या ताईंनी पुरावा मागितला, त्यांचे आभार. त्या जुन्या भागात ते वाक्य तसंच ठेवलंय, पण खाली दुरुस्ती टाकली आहे, तारखेसकट. तुमच्या घरात, गावात कोणाला असं नाव चिकटलंय का? असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण नाव घेऊ नका. पुढच्या भागात गोसीखुर्द धरणाकडे जाऊ. तोवर, राम राम.