भ्रमरीचे एकवचन

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा विषय निघाला की आपल्याकडे तिच्या काव्याचे कौतुक होते. पण ते काव्य म्हणजे रुक्ष गणितावर चढवलेला साज, असे गृहीत धरूनच. हे गृहीतक आम्हांस मान्य नाही. शाब्दिक उदाहरणाचे समीकरण करणे हे आधी वाचन आहे आणि मग गणित, असे आमचे म्हणणे आहे.

'लीलावती'त (इ. स. ११५०) भुंग्यांचा प्रसिद्ध श्लोक आहे. 'बीजगणित' या ग्रंथातही तो पुन्हा येतो. वृत्त मालिनी. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, सर्व थव्याचे आठ-नवमांशही गेले; सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकलेला एक भुंगा गुंजारव करतो आहे आणि बाहेरून भ्रमरी त्याला साद देते आहे. तर एकूण भुंगे किती?

आजचा विद्यार्थी सरळ 'थवा क्ष मानू' म्हणेल आणि वर्गमुळाच्या चिन्हात अडकेल. भास्कराचार्य थवा 'यावत्तावत्'च्या वर्गाची दुप्पट मानतात. निम्म्याचे मूळ मग नुसते 'यावत्तावत्' उरते. अव्यक्त कशाला म्हणायचे, ही निवडच अर्धे उत्तर होय. 'यावत्तावत्' म्हणजे 'जेवढे तेवढे'. लिहिताना त्याचे 'या', वर्गाचे 'याव', आणि ज्ञात संख्येचे 'रू', म्हणजे रूप. बरोबरीचे चिन्ह नाही. दोन पक्ष एकाखाली एक मांडायचे. छेद काढून टाकल्यावर ते असे दिसतात:

याव १८ या ० रू ०
याव १६ या ९ रू १८

(ही चिन्हे म्हणजे शब्दांची आद्याक्षरेच. देकार्तने १६३७ साली अव्यक्तांसाठी वर्णमालेच्या शेवटची अक्षरे घेतली. त्यांना स्वतःचा अर्थ नव्हता. 'या' अजून अर्धा शब्द आहे.)

वजाबाकीनंतर एका पक्षी याव २ उणे या ९, दुसऱ्या पक्षी रू १८. श्रीधराचार्यांच्या रीतीने दोन्ही पक्षांना ८ ने गुणून ८१ मिळवले की दुसरा पक्ष २२५ होतो. त्याचे मूळ १५. म्हणून 'या' ६ आणि थवा ७२. ताळा पाहा: ६, ६४ आणि २.

हे २ मात्र श्लोकात कोठेही नाहीत. 'एक' हे विशेषण फक्त अडकलेल्या भुंग्याला आहे. भ्रमरीला संख्यावाचक शब्दच नाही. आहे ते प्रथमेचे एकवचन. शृंगाराची सजावट म्हणून तिच्यावरून नजर पुढे गेली, तर १८ च्या जागी ९ येतात, २२५ च्या जागी १५३, आणि १५३ चे मूळ पूर्णांकात निघत नाही.