एका भोकाचा इतिहास

इंग्लंडच्या राजघराण्याचे जवाहीर सांभाळणाऱ्या गॅरार्ड पेढीने पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१५ साली, तोफखान्याकरिता अंतरमापक यंत्रे घडविणारा जो कारखाना काढला, त्याच कारखान्याने पुढे स्विंडन गावी स्थिरावून १९५४ साली ‘३०१’ नावाचे तबकडी फिरविण्याचे यंत्र बाजारात आणले. आणि ते आणताना, जिच्यावाचून तबकडीतला एक सूरही कानी पडणे शक्य नाही, ती सुई धरणारी भुजा त्याला मुळी जोडलीच नाही. हा विसर नव्हता, तजवीज होती. भुजा कोणती घ्यावी आणि कोठे बसवावी, याची मुखत्यारी गिऱ्हाइकाकडे होती.

ही मुखत्यारी दिसते तितकी सुखाची नव्हे. मूळ तबकडी कोरणारी सुई परिघाकडून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते. वाजविणारी सुई मात्र खुंटाभोवती फिरणाऱ्या भुजेच्या टोकाशी असल्याने कमानीने जाते, आणि या दोन मार्गांतील तफावत सुरांच्या विकृतीच्या रूपाने ऐकू येते. पर्सी विल्सन यांनी १९२४ साली ‘द ग्रामोफोन’ मासिकात या दोषाचे गणित मांडले. लोफ्ग्रेन यांनी १९३८ साली व बेअरवाल्ड यांनी १९४१ साली ते अधिक सूक्ष्म केले. त्याचे फलित असे, की सुई मधल्या खिळीच्या थोडी पलीकडे पोहोचावी व तिचे डोके भुजेशी तिरपे असावे, म्हणजे दोन ठिकाणी दोष शून्य होतो व इतरत्र क्षम्य राहतो. नऊ इंची भुजेत हा तिरपेपणा सुमारे २३ अंशांचा, बारा इंचीत १८ अंशांच्या आसपास; लांब भुजेत दोष कमी, परंतु जडत्व अधिक, म्हणून वाकलेल्या तबकडीवर ती अडखळते.

हे सारे गणित अखेर सुताराच्या गिरमिटापाशी येऊन थांबत असे. ३०१ च्या धातूच्या सांगाड्यावर भुजेला जागा नसल्याने ती बाजूच्या लाकडी फळीवर बसवावी लागे, आणि भोक एकदा पडले की त्यावर अपील नव्हते. स्वित्झर्लंडच्या थोरेन्स कंपनीने १९५७ च्या ‘टीडी १२४’ मध्ये भुजेची फळीच स्वतंत्र, सुटी करून ही अडचण सोडविली. चुकली तर नवी फळी घ्यावी. परंतु खरी क्षमाशील तोड काढली ती ससेक्समधील अ‍ॅलिस्टेअर रॉबर्टसन-एकमन यांनी. स्वतःच्या वापरासाठी केलेली त्यांची ‘एसएमई’ भुजा १९५९ साली विक्रीस आली, आणि तिचे बूड फळीवरील लांबट खाचेत मागेपुढे सरकविता येत असल्यामुळे, बसविणाऱ्याची लहानसहान चूक नंतर दुरुस्त होऊ लागली. माझ्या मते तिच्या पुष्कळ वाखाणलेल्या सुबक रूपापेक्षा ही सरकती बैठकच तिचे मोठे श्रेय आहे.

अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखी तबकड्या आणि पुढच्या काळातील बारीक खाचांच्या दीर्घ तबकड्या एकाच घरात असतील, तर प्रश्न दुहेरी होतो. जुन्या रुंद खाचेला जाड सुई लागते, बारीक खाचेला बारीक. म्हणून शौकीन मंडळी मोठी पेटी करवून एका चकतीभोवती दोन भुजा बसवितात.

अशी फळी ज्यांना कापावयाची असेल त्यांनी आधी पुठ्ठ्यावर भुजेची जागा आखून पाहावी, आणि माप फळीच्या कडेपासून न धरता मधल्या खिळीपासून खुंटापर्यंत धरावे.